आरव्हीत कायमचं राहायला निघालेलं जोडपं, हजार डॉलर आणि लॅपटॉप-जीपीएसचा घोळ

पार्श्वभूमी

हे प्रकरण अमेरिकेतल्या एका मराठी जोडप्याचं आहे. मी त्यांना दादा आणि वहिनी म्हणतो, इथेही तेच लिहितो, आणि ओळख पटू नये म्हणून काही बारीकसारीक तपशील इकडचे तिकडे केलेत. दोघं पन्नाशी ओलांडलेले, न्यू जर्सीत बरीच वर्षं काढलेली, मुलगी नोकरीला लागली आणि २०२४ च्या सुरुवातीला ह्यांनी ठरवलं की घर विकून आरव्हीत राहायचं. सुट्टीपुरतं नाही, कायमचं.

ज्यांनी आरव्ही पाहिली नाही त्यांच्यासाठी, हे चाकांवरचं घर असतं, त्यात स्वयंपाकघर, बेड, संडास-बाथरूम, प्रोपेनचा गॅस, सगळं. ह्यांची गाडी सेकंडहँड क्लास सी, म्हणजे फोर्ड ई-४५० च्या सांगाड्यावर बांधलेली, पुढून व्हॅनसारखी दिसणारी आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असलेली. लांबी २९ फूट, रुंदी ८ फूट ४ इंच. उंचीचं पुढे बोलू, कारण खरी गंमत तिथेच आहे.

दादा रिटायर झालेले, पण वहिनींचं काम चालू. त्या चार-पाच छोट्या धंद्यांची अकाउंट्स घरून बघतात, जानेवारी ते एप्रिल टॅक्सचा सीझन म्हणजे रोज आठ-दहा तास लॅपटॉपसमोर, आणि त्यांचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. म्हणजे घरखर्च त्या लॅपटॉपवर चालणार होता, हे आधी डोक्यात ठेवा. बाकीची बचत गाडीत गेली होती, त्यामुळे लॅपटॉप आणि नेव्हिगेशन मिळून हजार डॉलरच्या आत बसवायचं असं वहिनींनी सांगितलं आणि त्या आकड्यावरून त्या शेवटपर्यंत हलल्या नाहीत. हिशोब मांडायला आणि कुठला पर्याय का नको हे बोलायला मला बसवलं होतं.

अडचण नेमकी काय

दादांच्या मनात एकच यंत्र होतं. दिवसा ड्रायव्हिंग करताना लॅपटॉप पुढे स्टँडवर, त्याला यूएसबीचा जीपीएस लावलेला, मोठ्या स्क्रीनवर नकाशा, आणि संध्याकाळी तोच लॅपटॉप टेबलावर वहिनींच्या कामाला. ही कल्पना आकाशातून पडली नव्हती, दोनहजार सालानंतर दहाएक वर्षं बरेच आरव्हीवाले असंच करायचे. मायक्रोसॉफ्टचं स्ट्रीट्स अँड ट्रिप्स यायचं, त्याच्याबरोबर यूएसबी जीपीएसही मिळायचा, डिलॉर्मचं स्ट्रीट अॅटलस होतं, आणि दादांनी स्वतः ते वापरून फ्लोरिडापर्यंत गाडी नेली होती. पण स्ट्रीट्स अँड ट्रिप्सची शेवटची आवृत्ती २०१३ ची, नंतर ते बंदच केलं, आणि डिलॉर्म कंपनी २०१६ मध्ये गार्मिनने घेतली. लॅपटॉपवर चालणारं, रस्त्यात वळण चुकलं तर लगेच नवा रस्ता काढून देणारं, ऑफलाइन आणि वर गाडीची उंची समजणारं सॉफ्टवेअर सर्वसामान्य माणसाच्या बजेटमध्ये आता जवळपास उरलेलंच नाहीये.

दुसरी अडचण अशी की वहिनींना लॅपटॉप म्हणजे किंमत आणि स्क्रीन एवढंच दिसत होतं, दादांना नेव्हिगेशन म्हणजे मोठा नकाशा एवढंच. आरव्हीत ह्या दोन्ही गोष्टी वेगळ्याच ठिकाणी अडतात, लॅपटॉप बॅटरीपाशी आणि नेव्हिगेशन पुलापाशी.

पुलाचं प्रात्यक्षिक तर निघायच्या आधीच झालं. जुलैमध्ये सराव म्हणून कनेटिकटला एका कॅम्पग्राउंडला निघाले, हातात फोन, फोनवर नेहमीचा मॅप. आय-२८७ ह्या हायवेवरून जाताना फोनने सांगितलं की हचिन्सन रिव्हर पार्कवेला वळा, बारा मिनिटं वाचतील. न्यूयॉर्क-कनेटिकटचे हे पार्कवे फक्त छोट्या मोटारींसाठी बांधलेले, त्यांच्यावरचे जुने दगडी पूल बुटके आहेत, आणि पुढे कनेटिकटात लागणाऱ्या मेरिट पार्कवेवर तर आठ फुटांपेक्षा उंच गाडी चालतच नाही. वहिनींनी रॅम्पच्या तोंडाशी ‘फक्त पॅसेंजर कार’ असा बोर्ड वाचला आणि ओरडल्या, "अहो थांबा, थांबा, ही आपल्यासाठी नाहीये!" दादांनी गाडी कडेला घेतली, पार्किंग लाइट लावले, मागे गाड्यांची रांग आणि हॉर्न. शेवटी पोलीस आला, त्याने मागची रहदारी अडवली आणि २९ फुटी गाडी रिव्हर्समध्ये रॅम्पवरून बाहेर काढली. पोलीस शांत होता म्हणे, त्याला हे नवीन नसावं.

त्या संध्याकाळी दादांचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, "तू म्हणत होतास ते बरोबर आहे असं मी म्हणणार नाही, पण दोन वेगळी यंत्रं घेऊ."

लॅपटॉपचे पर्याय

घरात एक जुना लॅपटॉप होताच, सातव्या पिढीच्या इंटेल प्रोसेसरचा. चालत होता बरा, पण विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टला आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे तेव्हाच जाहीर होतं. लोकांचे टॅक्सचे कागद ज्यावर ठेवायचे त्या मशीनला सिक्युरिटी अपडेट नाहीत हे चालण्यासारखं नव्हतं, म्हणून तो मुख्य मशीन म्हणून बाद.

पुतण्याने त्याचा गेमिंग लॅपटॉप फुकट देऊ केला. भारी मशीन, आणि फुकट, दादा लगेच तयार. इथे मी त्यांना कागदावर आकडेमोड करायला लावली. गाडीत दोन साध्या लेड-अॅसिड बॅटऱ्या, प्रत्येकी साधारण ७५ अँपिअर-तासांच्या. लेड-अॅसिड निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते, म्हणजे वापरायला मिळणार अंदाजे ९०० वॉट-तास. थंडीच्या रात्री फर्नेस म्हणजे गाडीतला हीटर प्रोपेनवर चालतो हे खरं, पण त्याचा पंखा बॅटरीवरच चालतो आणि ७-८ अँपिअर खातो, रात्रीत मिळून पाचेक तास फिरला तर ४५० वॉट-तास तिथेच गेले. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिजचं कंट्रोल, इंटरनेटचा राउटर धरले की लॅपटॉपसाठी दोन-अडीचशे राहतात. गेमिंग लॅपटॉप नुसतं एक्सेल उघडून बसला तरी ४०-५० वॉट घेतो, आठ तासांचे ४०० झाले, वर त्याचा १८० वॉटचा अडॅप्टर गाडीच्या १२ व्होल्टवर थेट चालत नाही म्हणून इन्व्हर्टर (बॅटरीची वीज घरच्या विजेसारखी करून देणारा डबा) लावा, इन्व्हर्टर स्वतः वीज खाणार ते वेगळंच. छतावर २०० वॉटचं सोलर आहे, पण हिवाळ्यात ते दिवसाला सहा-सातशे वॉट-तास देईल, तेही ऊन असेल तर. फुकटचा लॅपटॉप घेतला असता तर हजार डॉलरची लिथियम बॅटरी घ्यावी लागली असती. वहिनी म्हणाल्या, फुकटातलं महाग प्रकरण आहे हे, नको.

क्रोमबुक स्वस्त आणि वीज कमी खाणारं, पण सॉफ्टवेअर चालणार नाही. एम-१ मॅकबुक एअर मला स्वतःला ह्या कामासाठी फार आवडतं, त्यात पंखाच नाही त्यामुळे वाळवंटातली धूळ ओढून घेत नाही, ३० वॉटच्या चार्जरवर भागतं, आणि तेव्हा नवं कोरं सातशेच्या खाली मिळत होतं. पण पुन्हा विंडोजवर अडलं, आणि हजारातले सातशे तिथेच गेले असते. मॉलमधला साडेतीनशेचा नवा लॅपटॉप वहिनींना हवा होता, नवा म्हणजे वॉरंटी वगैरे, पण त्यात रॅम ८ जीबी आणि वाढवता न येणारी, चार्जिंग गोल पिनचं. गोल पिन म्हणजे परत इन्व्हर्टर, नाहीतर त्याच पिनचा वेगळा कार चार्जर शोधा.

मग उरला ऑफिसांमधून निघालेला रिफर्बिश्ड, म्हणजे वापरलेला पण तपासून-दुरुस्त करून परत विकलेला, बिझनेस लॅपटॉप. थिंकपॅड टी-१४ ची पहिली पिढी, दहाव्या पिढीचा इंटेल, १६ जीबी रॅम, ३३० डॉलर. दोन यूएसबी-सी पोर्ट, दोन्हीतून चार्ज होतो, ६५ वॉट पुरतात, म्हणजे सिगरेट लायटरच्या सॉकेटमध्ये ३५ डॉलरचा यूएसबी-सी कार चार्जर लावला की काम झालं, इन्व्हर्टर बंद. वहिनींच्या कामात तो सरासरी १२-१५ वॉट घेतो, दिवसाचे सव्वाशेच्या आत.

नेव्हिगेशनचे पर्याय

इथे दादांनी आधी खरेदी आणि मग मोजमाप असं उलटं चालवलं होतं, ते थांबवलं. गाडीच्या कागदपत्रात उंची ११ फूट ३ इंच लिहिलेली. पण मधल्या मालकाने छतावरचा एसी बदललेला, सोलर बसवलेलं, कुणास ठाऊक किती वाढलं. मग एका रविवारी सपाट पार्किंगमध्ये गाडी लावून दादा शिडीने वर चढले, एसीच्या सगळ्यात उंच जागी लांब अॅल्युमिनियमची पट्टी आडवी ठेवली, तिचं टोक गाडीच्या बाहेर येईल अशी, पट्टीवर स्पिरिट लेव्हल, बुडबुडा मधोमध येईपर्यंत वहिनी खालून "अजून थोडं, अजून थोडं, हां बास", आणि मग त्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत टेप. ११ फूट ९ इंच. कागदापेक्षा सहा इंच जास्त! त्यात तीन इंच सुरक्षेचे धरून १२ फूट पक्के केले आणि सनव्हायझरवर मोठ्या अक्षरात चिकटवलं, खाली ३.६६ मीटर हेही लिहिलं, कॅनडात गेलं तर तिथे बोर्ड मीटरमध्ये असतात.

आता यंत्र. गूगल मॅप्समध्ये गाडीची उंची टाकायची सोयच नाही, त्यामुळे ट्रॅफिक बघायला ठीक, रस्ता ठरवायला नाही. आरव्हीसाठीचा वेगळा जीपीएस नवा घेतला तर तेव्हा आठ इंची स्क्रीनला सहाशेच्या वर, त्यात उंची, वजन, लांबी आणि गाडीत प्रोपेन आहे का हे सगळं टाकता येतं आणि नेटवर्क नसलं तरी चालतो. आरव्ही लाइफसारखं अॅप तेव्हा वर्षाला ६५ डॉलर, ट्रिप लॅपटॉपवर आखायची आणि फोनवर किंवा टॅबलेटवर चालवायची. ह्यात एक खड्डा आहे, दादा त्यात पडता पडता राहिले: मुलीचा जुना आयपॅड होता तो वाय-फायवाला, आणि वाय-फायवाल्या आयपॅडमध्ये जीपीएसची चिपच नसते, ती फक्त सेल्युलर मॉडेलमध्ये. ड्रॉइंगरूममध्ये बसून बघितलं तर तो बरोबर जागा दाखवतो, वाय-फायवरून अंदाज घेतो ना, आणि हायवेवर गेलं की निळा ठिपका हरवतो.

कागदी पर्यायही बोलून झाला. रँड मॅकनॅलीचा ट्रकवाल्यांसाठीचा अॅटलस असतो, त्यात राज्यवार बुटक्या पुलांची यादी असते. वहिनींनी तो न विचारता घेतला.

काय ठरलं

थिंकपॅड आणि चार्जर, जुन्या मॉडेलचा सात इंची रिफर्बिश्ड आरव्ही जीपीएस २४० ला, अॅपचं एक वर्ष, अॅटलस ३५, वहिनींना दुसरी स्क्रीन म्हणून सेकंडहँड पोर्टेबल मॉनिटर ८० ला, आणि बॅकअपसाठी एक टीबीची एक्स्टर्नल एसएसडी ७० ला. एकूण ८५५. जुना लॅपटॉप फेकला नाही, इंटरनेट न जोडता पलंगाखाली ठेवला.

कामाची वाटणी अशी: आदल्या रात्री लॅपटॉपवर दोघांनी मिळून रस्ता आखायचा, सकाळी जीपीएसवर तोच चालवायचा, फोन फक्त ट्रॅफिक आणि पेट्रोल पंपासाठी, आणि जीपीएस व अॅपचं पटलं नाही तर गाडी थांबवून अॅटलस उघडायचा. शेवटचा नियम वहिनींचा. चालत्या गाडीत निर्णय नाही.

पुढे काय झालं

ऑक्टोबरच्या शेवटी निघाले, दिवाळी व्हर्जिनियात मित्राकडे करायची होती. पहिल्याच टप्प्यात नवा घेतलेला जुना जीपीएस उघडा पडला. बॉल्टिमोरमध्ये बंदराखालच्या दोन्ही बोगद्यांतून आरव्हीच्या आकाराची प्रोपेनची टाकी नेता येत नाही, ते जीपीएसला माहीत होतं, म्हणून त्याने शहाण्यासारखे बोगदे टाळले आणि पूर्वेकडून आय-६९५ वरचा फ्रान्सिस स्कॉट की ब्रिज दाखवला. तो पूल २६ मार्च २०२४ ला मालवाहू जहाज धडकून पाण्यात पडला होता, सगळ्या जगाने टीव्हीवर पाहिलं होतं! जीपीएसमधला नकाशा त्याच्या आधीचा. हे रात्री टेबलावर आखतानाच दिसलं कारण अॅपने आय-६९५ ची पश्चिम बाजू दाखवली, दोन यंत्रांचं जमेना म्हणून दोघं बघायला लागले. चालत्या गाडीत कळलं असतं तर काही जीव गेला नसता, रस्ता बंदचे बोर्ड असतातच, पण परत एकदा २९ फुटी गाडी वळवायची वेळ आली असती.

मग नकाशा अपडेट करायला घेतला तर फाइल काही जीबीची, जीपीएसच्या पोटात जागा नाही, मायक्रोएसडी कार्ड लागलं, कॅम्पग्राउंडचं वाय-फाय कासवाच्या गतीने. शेवटी एका गावच्या पब्लिक लायब्ररीत जाऊन लॅपटॉपवरून अपडेट केलं, दादा तिथे चार तास पेपर वाचत बसले. तेव्हापासून लायब्ररी हाच त्यांचा अपडेटचा अड्डा. (अपडेटचं सॉफ्टवेअर विंडोज किंवा मॅकवरच चालत होतं, क्रोमबुक घेतलं असतं तर इथेही अडलं असतं.)

हिवाळा अॅरिझोनात क्वार्ट्झसाइटजवळ सरकारी जमिनीवर काढला, १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल अशा पूर्ण सीझनचा परवाना तेव्हा १८० डॉलर होता, वीजजोड नाही. टॅक्सचा सीझन पूर्ण निभावला. दोनच कुरबुरी. एक, स्क्रीन २५० निट्सची (निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप) निघाली, उन्हात बाहेर खुर्ची टाकून काम करायचं वहिनींचं स्वप्न पहिल्या दिवशीच संपलं, त्या आतच बसतात, पडदे ओढून. दुसरी, फेब्रुवारीत एक यूएसबी-सी पोर्ट ढिला झाला कारण दादा चालत्या गाडीत लॅपटॉप चार्जिंगला लावून ठेवायचे आणि कच्च्या रस्त्यावर वायर हिंदकळायची. दुसऱ्या पोर्टवर काम चाललं, नाहीतर ऐन सीझनमध्ये पंचाईत होती. आता गाडी थांबल्यावरच चार्जिंग.

एप्रिल २०२५ मध्ये युटातलं झायन नॅशनल पार्क. जीपीएसने पूर्वेकडून झायन-माउंट कार्मेल बोगद्यातून रस्ता दिला, उंचीच्या हिशोबाने गाडी बसतेच. पण १९३० सालचा तो बोगदा कमानीचा आहे, मोठी गाडी मधोमध चालवावी लागते, म्हणून ११ फूट ४ इंचापेक्षा उंच किंवा ७ फूट १० इंचापेक्षा रुंद गाडीसाठी समोरची वाहतूक थांबवायचे आणि त्याचे १५ डॉलर घ्यायचे. इतके दिवस सगळं लक्ष उंचीवर, आणि इथे गाडी रुंदीतही सहा इंच जास्त भरली. दादांनी पार्कची माहिती आदल्या रात्री वाचलेली म्हणून ठरलेल्या वेळेत पोचले, पैसे भरले, गेले. तिथेही आता २०२६ च्या मध्यापासून मोठ्या गाड्यांना बोगदा बंद करायचं पार्कने जाहीर केलंय, म्हणजे हाच रस्ता पुढच्या माणसाला मिळणार नाही. मोंटानातल्या ग्लेशिअर पार्कच्या गोइंग-टू-द-सन रोडवर तर मधल्या भागात २१ फुटांवरची गाडी नाहीच, तिथे त्यांनी गाडी खाली ठेवून शटल घ्यायचं ठरवलंय.

काय वेगळं करता आलं असतं

रिफर्बिश्ड जीपीएस घेताना पैसे देण्याआधी नकाशाची आवृत्ती आणि आतली मोकळी जागा विचारायला हवी होती. कार्ड, लायब्ररी, अर्धा दिवस हे सगळं धरलं तर स्वस्त पडला हे खरं, पण वाटला तेवढा नाही. माझं मत विचाराल तर आज मी सेल्युलर टॅबलेट आणि अॅप ह्याकडे झुकेन, दादा मात्र नेटवर्क नसताना जीपीएसच कामाला आला म्हणतात, आणि युटातल्या काही रस्त्यांवर तासतास फोनला सिग्नल नव्हता त्यामुळे त्यांचं चुकीचं म्हणता येत नाही.

टी-१४ त्याच मॉडेलमध्ये ४०० निट्सच्या कमी वीज खाणाऱ्या स्क्रीनसह यायचा, शोधला असता तर तीस-चाळीस डॉलर जास्त देऊन मिळाला असता. विकणारे निट्स लिहीत नाहीत, विचारावे लागतात, कुणी विचारले नाहीत.

वॉटचा हिशोब कागदावर बरोबर निघाला पण ते घरीच पंधरा-वीस डॉलरच्या मीटरवर मोजता आलं असतं, पुतण्याच्या लॅपटॉपवरून झालेला वाद दहा मिनिटांत मिटला असता.

इंटरनेटचं बजेट ह्या हजारात धरलंच नव्हतं, दोन वेगळ्या कंपन्यांचे हॉटस्पॉट आणि नंतर सॅटेलाइटची डिश असा तो खर्च दर महिन्याला वेगळा चालू आहे आणि लॅपटॉपपेक्षा कधीच पुढे गेलाय. उरलेले १४५ डॉलर त्यातच गेले. पलंगाखालचा विंडोज १० चा लॅपटॉप अजून तिथेच आहे, वहिनी म्हणतात पुढच्या सीझनआधी त्याच्या जागी दुसरा टी-१४ घ्यायचा, ह्या वेळी स्क्रीन विचारून.